परमुलखी जाताना
शास्त्रपाठ : उत्पत्ति १२:१ ते १३:४, यिर्मया २९:४-७

पेण व रोहे या भागांतील तरुण पूर्वी पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरीत. आज कित्येक जण दुबई, मस्कत, कुवेत येथपर्यंत जातात. मागे राहिलेल्या आईबापांस एकच चिंता लागून राहते : परक्या मुलखात लेकराचा विश्वास टिकेल काय? आम्हांस वाटते, याच्या जोडीस दुसराही प्रश्न विचारावा : तो विश्वास लेकरास कसा टिकवून धरील?

१. वेदी. अब्राहाम निघाला तेव्हा कोठे जावयाचे हे त्यास ठाऊक नव्हते. परंतु शखेम येथे व बेथेलजवळ त्याने परमेश्वरासाठी वेदी बांधली. पुढे दुष्काळामुळे तो मिसर देशी गेला. तेथे त्याने वेदी बांधल्याचे शास्त्र सांगत नाही. भयाने त्याने पत्नीस बहीण म्हणविले, एवढे मात्र सांगते. परमुलखातील मोठा धोका हाच. उपासना सुटते आणि भय मनाचा ताबा घेते. तरी देवाने त्यास टाकले नाही. तो पुन्हा बेथेलच्या वेदीपाशी आला. ज्याचे पाऊल घसरले त्यासही परतीची वाट आहे.

२. नेमलेला दिवस. आपल्याच जिल्ह्यात बेने इस्राएल लोक शेकडो वर्षे राहिले. त्यांची बोली मराठी झाली. पेणकर, रोहेकर अशी आडनावे त्यांस पडली. परंतु शब्बाथ त्यांनी सोडला नाही. शनिवारी ते तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतील पुष्कळ जण तिकडे गेले. त्यांचा धर्म निराळा, पण धडा आपल्या कामाचा आहे : बोली बदलली तरी पाळलेला दिवस लोकांस धरून ठेवतो. आखाती देशांत पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्या सुटीमुळे शुक्रवारी जमतात. त्यांचा ठिकाणा आधीच विचारून घ्यावा. सौदी अरेबियात उघड उपासनेची मुभा नाही. तेथे खोलीचे दार लावून केलेली प्रार्थना हीच वेदी होय.

३. मोडलेला बेत. १८८३ साली पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या. वैद्यकी शिकावी असा त्यांचा मानस होता. कानांच्या दोषामुळे तो मार्ग बंद झाला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच मृत्यू झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्या स्वतः शिकल्या व संस्कृत शिकवू लागल्या. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या इंग्रज झाल्या नाहीत : शाकाहार सोडला नाही, आणि न पटलेली शिकवण केवळ आदरापोटी मान्य केली नाही. १८८९ साली परतून त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. विश्वास संकट टाळतोच असे नाही. पण बेत मोडला तरी मनुष्य मोडत नाही.

उपदेशक बंधूंनो, निघणाऱ्यास केवळ आशीर्वाद देऊन थांबू नका. एजंटाकडे सरकारी परवाना आहे काय, करारपत्रात पगार व काम स्पष्ट लिहिले आहे काय, हे त्याच्याबरोबर बसून वाचा. पासपोर्टाची प्रत घरी ठेववा. मंडळीचे शिफारसपत्र द्या आणि दर आठवड्यास त्याचे नाव प्रार्थनेत घ्या. ज्या नगरात तो राहील त्याच्या हितासाठीही त्याने प्रार्थना करावी, असे यिर्मयाच्या पत्रावरून त्यास शिकवा. म्हणजे परके लोक त्यास शेजारी वाटू लागतील.

मननासाठी प्रश्न
१. मिसरात अब्राहाम का भ्याला?
२. आपल्या घरी कोणता नेम असा आहे, जो लेकरू परदेशी सोबत नेऊ शकेल?
३. आपल्या मंडळीतून दूर गेलेल्यांपैकी कोणाची विचारपूस राहून गेली आहे?