वॉटरमार्क कशासाठी?

गौरी : दादा, नेटवर फोटो टाकताना वॉटरमार्क टाकून खरंच उपयोग होतो का? कोपऱ्यात असला तर क्रॉप करतात, मधोमध असला तर एआय पुसून देतं.

दादा : पुसता येतो हे खरं आहे, आणि त्यासाठी आजच्या एआयपर्यंत थांबावंही लागलं नाही. 2017 साली गूगलच्या संशोधकांनी हे करून दाखवलं. फोटो विकणाऱ्या संस्था हजारो नमुन्यांवर एकच शिक्का उमटवतात. ते फोटो संगणकाने एकमेकांशी ताडले, की बदलतं ते चित्र आणि कायम राहतो तो शिक्का, हे वेगळं काढता येतं. मग शिक्का वजा करायचा, खालचं चित्र जवळजवळ जसंच्या तसं हाती येतं. दर फोटोगणिक शिक्का किंचित वेगळा वाकवला तर पुसल्याच्या खुणा राहतात, असंही त्यांनीच सांगितलं. तरी चोरी थांबेल या आशेने फोटोभर जाड अक्षरं पसरणं मला पटत नाही. चोर त्याने अडत नाही. बघणाऱ्याचा मात्र विरस होतो.

गौरी : मग टाकायचाच कशाला?

दादा : फोटो कुणाचा, हे फोटोनेच सांगावं म्हणून. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला. तिथल्या डॅनियल मोरेल या छायाचित्रकाराने आपले फोटो ट्विटरवरून जगासमोर ठेवले. दुसऱ्याच एकाने ते स्वतःचे म्हणून पुढे टाकले, आणि एएफपी या वृत्तसंस्थेने ते त्या दुसऱ्याच्या नावाने वितरित केले. गेटी या फोटो विकणाऱ्या संस्थेमार्फत ते आणखी दूर गेले. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने मोरेलला 12 लाख डॉलरची भरपाई दिली. कायदा त्याच्या बाजूने होता, तरी जवळजवळ चार वर्षं गेली. चित्राच्या आतच नाव असतं, तर ते पुसल्याशिवाय कुणाला मालकी सांगता आली नसती. पुसणं जमतं, पण ते नकळत होत नाही, आणि माझा सगळा भर यावरच आहे.

गौरी : पण कॉपीराइट तर फोटो काढताक्षणी मिळतो ना? नोंदणीसुद्धा लागत नाही.

दादा : मिळतो. पण भांडण उभं राहिलं की समोरचा म्हणतो, नेटवर सापडला, कुणाचा ते माहीत नव्हतं. आपल्या 1957 च्या कायद्यात 2012 साली कलम 65ब आलं. फोटोसोबतची हक्कविषयक माहिती, म्हणजे कर्त्याचं वा मालकाचं नाव वगैरे, जाणूनबुजून काढून टाकणं हा गुन्हा झाला; दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यातला ‘जाणूनबुजून’ हा भाग सिद्ध करणं अवघड. पुसलेलं नाव तिथे पुरावा म्हणून उभं राहतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावं : पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. ‘हा मी काढला’ असं म्हणण्याचा हक्क कलम 57 प्रमाणे छायाचित्रकाराकडेच राहतो, पण बाकीचं करारात लिहून घ्यायला हवं.

गौरी : मग नाव मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबत साठवलेल्या माहितीत घालावं, किंवा न दिसणारा वॉटरमार्क वापरावा. फोटोही बिघडणार नाही.

दादा : मेटाडेटात नाव घालच, पण त्यावर विसंबू नकोस. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवलं की तो गळतो, स्क्रीनशॉटमध्ये तर येतच नाही. न दिसणारा वॉटरमार्क पिक्सेलच्या उजळपणात सूक्ष्म फरक करून चित्रभर पसरलेला असतो. आकार कमी केला तरी बरेचदा टिकतो. पण तो वाचायला खास सॉफ्टवेअर लागतं. ज्याला प्रामाणिकपणे परवानगी मागायची आहे त्याला तो दिसतच नाही, आणि अशी माणसं आपण समजतो त्याहून पुष्कळ असतात. म्हणून छोटं, वाचता येईल असं नाव हवंच. मोकळ्या आभाळावर नको, तिथून सहज पुसलं जातं. पानं, खडक, कापडाची वीण अशा बारीक पोताच्या जागी आणि विषयाला लागून ठेव, म्हणजे क्रॉप केलं तर फोटोच मोडेल. नेटवर लहान आकाराचीच प्रत टाक. मूळ रॉ फाइल आणि तिच्या आगेमागे काढलेल्या फ्रेम कुणालाही न देता जपून ठेव. वाद झालाच, तर समोरच्याकडे दाखवायला त्या नसतील.