फिल्टर घासू नका, विसळा

खाऱ्या पाण्याच्या टाकीतले मासे एकाएकी धापा टाकू लागले की लोक आधी औषधाची बाटली शोधतात. मी म्हणेन, आधी विचारा की फिल्टर शेवटचा कोणी धुतला आणि कशाने.

आमच्याकडे पुण्यात चार फुटी टाकी आहे, खाली संप, म्हणजे फिल्टर ठेवायची दुसरी टाकी. आम्ही कोल्हापूरला लग्नाला गेलो होतो, तेव्हा देखभालीला नेहमीच्या मुलाऐवजी बदली माणूस आला. गोड्या पाण्याच्या टाक्यांवर हात बसलेला, कष्टाळू. त्याने संपमधल्या सगळ्या सिरॅमिक रिंगा बादलीत काढल्या, न्हाणीघराच्या नळाखाली ब्रशने घासल्या आणि गच्चीत उन्हात वाळवून परत भरल्या. स्पंजही पिळून पिळून धुतला. मन लावून काम केलं, हेच नडलं. आम्ही परतलो तेव्हा टाकी इतकी लखलखीत होती की घरात सगळ्यांनी त्याचं कौतुकच केलं.

मग डॅमसेल मासे खायला येईनात. क्लाउनफिशची जोडी पृष्ठभागाशी, पंपाच्या धारेजवळ लटकून राहिली, कल्ले भराभर हलत होते. टेस्ट किट काढलं. अमोनियाची नळी पिवळी राहायला हवी होती, ती गडद हिरवी झाली. डॅमसेल गेले. क्लाउनफिश वाचले, कारण तो जातिवंत चिवट मासा आहे. आमच्या धावपळीचं श्रेय त्यात थोडंच.

झालं काय होतं? मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजतं, त्याचाही अमोनिया होतो. रिंगांच्या सूक्ष्म छिद्रांत वस्ती करून राहिलेल्या जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्यामानाने सोसण्याजोगं. ते पाणी बदलून काढता येतं. ही वस्ती फार सावकाश वाढते. नव्या खाऱ्या टाकीत ती बसायला, म्हणजे हौशी लोकांच्या भाषेत टाकी ‘सायकल’ व्हायला, साधारण 4 ते 6 आठवडे जातात. रिंगांवरचा तो तपकिरी, बुळबुळीत थर म्हणजे हीच वस्ती आणि तिच्यावर बसलेला गाळ. विरजणाचं भांडं कोणी लख्ख घासून ठेवावं आणि सकाळी दही मागावं, तसा तो प्रकार झाला होता.

नळाच्या पाण्याने इथे दोन घाव बसतात. एक क्लोरीनचा; तो पाण्यात असतोच मुळी जिवाणू मारण्यासाठी. दुसरा गोडेपणाचा: खाऱ्या पाण्यातल्या जिवांना एकदम गोड्या पाण्यात टाकलं की त्यांच्या पेशी फुगतात, फुटतात. त्यामुळे अँटी-क्लोरीनचे थेंब टाकलेलं पाणीही इथे चालत नाही. उरलंसुरलं काम उन्हाने केलं. त्यातून खाऱ्या टाकीचा पीएच 8.1 ते 8.4 च्या आसपास. पीएच 7 वरून 8 वर गेला की अमोनियाचा विषारी हिस्सा जवळजवळ दहापट होतो. गोड्या टाकीत जी चूक मासे पचवतात, ती इथे जिवावर बेतते. शिवाय आमच्या टाकीत खडक कमी होते. खडक भरपूर असते तर त्यांच्यावरच्या वस्तीने भार उचलला असता.

अशी वेळ आलीच तर खाणं ताबडतोब बंद करा. मासा काही दिवस उपाशी राहू शकतो. हवेचा पंप वाढवा. तयार खाऱ्या पाण्याने पाणी बदला, पण घनता आणि तापमान जुळवून. आमची खरी पंचाईत इथेच झाली: मीठ विरघळवून, पंपाने ढवळून पाणी स्थिर होईपर्यंत दिवस जातो, आणि मासे तेवढे थांबत नाहीत. आरओच्या पाण्यात मीठ कालवलेलं एक पिंप आता आम्ही कायम भरून ठेवतो. अमोनिया बांधून ठेवणारं औषध वेळ मिळवून देतं, वस्ती देत नाही. ती मागून आणावी लागते. माझ्या एका मित्राने त्याच्या निरोगी टाकीतला मुरलेला स्पंज खाऱ्या पाण्यात बुडवून आणून दिला, तेव्हा कुठे आकडे उतरू लागले. म्हणून आमच्या संपमध्ये आता एक जास्तीचा स्पंज कायम पडून असतो. वस्ती आणण्यासाठी जिवंत खडक, म्हणजे जिवाणू मुरलेला खडक, मात्र कोणी ‘थेट समुद्रातला’ म्हणून देऊ केला तर घेऊ नका. खडक बनवणाऱ्या प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

आता धुण्याची रीत. कापसासारखा फिल्टर फ्लॉस हा गाळ अडवणारा; तो दर तीन-चार दिवसांनी खुशाल बदला, त्यात कंजुषी नको. तो स्वच्छ असला की मागच्या रिंगांवर गाळ कमी बसतो. रिंगांना हात लावायचा तो पाणी बदलायच्या दिवशी. टाकीतून काढलेलं खारं पाणी बादलीत घ्यायचं, एकतृतीयांश रिंगा त्यात बुडवून हलवायच्या, गाळ सुटला की परत. ब्रश नाही, साबण नाही. पाणी गढूळ झालं म्हणजे काम झालं. रिंग पांढरी दिसायला नकोच. पुढचा हिस्सा काही आठवड्यांनी. त्याच दिवशी वाळू उपसणं, नवे मासे सोडणं असले उद्योग करू नयेत. आठवडाभर खाणं हलकं ठेवून अमोनिया तपासत राहावा.

‘रिंगांना कधीच हात लावू नका’ असं सांगणारेही भेटतात. मला ते पटत नाही. छिद्रं गाळाने बुजली की पाणी आत शिरत नाही, जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही आणि कुजणाऱ्या गाळातून नायट्रेट चढत जातं. वर्षानुवर्षं न उघडलेला फिल्टर घासलेल्या फिल्टरइतका घातक नसेल, पण चांगलाही नाही.

कॅनिस्टर वापरणाऱ्यांनी विजेकडेही लक्ष ठेवावं. वीजवाहिन्यांच्या देखभालीसाठी तास न् तास वीज जाते, तेव्हा बंद डब्यातला प्राणवायू संपतो आणि आत सडायला सुरुवात होते. वीज आली की तेच पाणी टाकीत येतं. दोनेक तासांहून जास्त वीज गेली असेल तर आधी डबा उघडून आतलं पाणी फेकून द्या, रिंगा टाकीच्या पाण्यात विसळा, मग बटण दाबा.

आणि देखभालीला माणूस ठेवला असेल तर संपच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा: रिंगा नळाखाली नेऊ नयेत. बदली माणूस आला तर पहिल्या वेळी स्वतः शेजारी उभे राहा. गावाला जाणार असाल तर त्या महिन्याची सफाई पुढे ढकला.