घरच्या संगणकाचा पहारेकरी

सयाजीरावांच्या काळात बडोद्यास येऊन स्थायिक झालेल्या एका घराण्याचा कुलवृत्तांत लिहिण्याचे काम आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ तीन वर्षे करीत होते. जुनी पत्रे, सनदा, वंशावळी मिळवून ते स्वतः सारे संगणकावर उतरवीत. गतवर्षी एके सकाळी त्यांनी संगणक सुरू केला, तो एकही प्रकरण उघडेना. प्रत्येक फायलीच्या नावास अनोळखी शेपूट लागलेले आणि पडद्यावर खंडणीची मागणी! अँटिव्हायरस नव्हता काय? होता, परंतु त्याची वर्गणी आठ महिन्यांपूर्वीच संपली होती, आणि कोपऱ्यात रोज झळकणारी तशी सूचना घरातील मंडळी रोज बाजूस सारीत होती. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर होती खरी. पण तो संगणकालाच अहोरात्र जोडलेला असल्यामुळे त्यावरील फायलींनाही कुलूप पडले.

हा प्रकार कळल्यापासून 'घरी कोणता अँटिव्हायरस घ्यावा?' असे अनेक पालक विचारू लागले आहेत. नाव सांगण्यापूर्वी हा पहारेकरी काम कसे करतो, ते पाहणे इष्ट ठरेल.

व्हायरस हा जंतू नव्हे. तो मनुष्याने बुद्धिपुरस्सर लिहिलेला आज्ञासंच होय. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा वैयक्तिक संगणकांवर पसरलेल्या आरंभीच्या व्हायरसांपैकी एक. फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात तो ठाण मांडी. गंमत अशी की, त्यात लेखकांनी आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही घातला होता! आजचे खंडणीखोर इतके भोळे राहिलेले नाहीत.

असा आज्ञासंच ओळखण्याची जुनी रीत ठशांची आहे. १८९७ मध्ये कलकत्त्यास बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. तेथे ज्याचा ठसा दप्तरी असेल तोच गुन्हेगार सापडे. अँटिव्हायरसचेही तसेच आहे. ज्ञात व्हायरसांच्या खुणांचे दप्तर त्याच्याजवळ असते व प्रत्येक फाईल तो त्याच्याशी ताडून पाहतो. दप्तर नित्य नवे होत नसेल, तर काल जन्मलेला चोर त्याच्या डोळ्यांदेखत आत शिरतो. म्हणूनच आता दुसरी रीत जोडीस आली आहे, ती वर्तणूक पाहण्याची. एखादा कार्यक्रम काही क्षणांत शेकडो फायली बदलू लागला, तर त्याचा ठसा दप्तरी नसला तरी त्यास अडविले जाते. यात क्वचित निरपराधासही अटक होते. ती चूक ज्याच्याकडून कमी होते, तो पहारेकरी अधिक चांगला.

विंडोज १० व ११ यांत 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' मुळातच असतो व त्यास निराळे मूल्य पडत नाही. सामान्य कुटुंबास तो पुरेसा आहे, असे माझे मत आहे. दुसरा घेतल्यास डिफेंडर बहुधा आपण होऊन बाजूस होतो. मात्र बाहेरचे दोन एकदम बसवू नयेत. ते एकमेकांच्याच कामात अडथळा आणतात आणि संगणक मंदावतो.

विकत घ्यावयाचाच असेल तर जाहिरातीऐवजी परीक्षेचा निकाल पाहावा. जर्मनीतील माग्डेबुर्ग येथील 'एव्ही-टेस्ट' आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील 'एव्ही-कम्पॅरेटिव्हज' या संस्था अशा परीक्षा घेतात. पहिली संस्था संरक्षण, वेग व वापरातील सुलभता यांस प्रत्येकी सहा, असे अठरा गुण देते. पुण्याचा 'क्विक हील' हा मूळचा कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या दुकानापासून उद्योग उभारणाऱ्या काटकर बंधूंचा. त्याचा अभिमान आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यासही हीच गुणपत्रिका लावावी. पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत पाहून भुलू नये, दुसऱ्या वर्षाची विचारावी. फुकटाचे मोलही तपासावे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'अवास्ट' या कंपनीस एक कोटी पासष्ट लाख डॉलर भरावयास लावले. ग्राहक कोणती संकेतस्थळे पाहतात ही माहिती तिने विकली, हा आरोप होता. पहारेकऱ्यानेच घरातील गोष्टी बाजारात सांगाव्यात, तशातलाच हा प्रकार!

'आपल्या संगणकात ३७ व्हायरस सापडले' असे एखादे संकेतस्थळ ओरडू लागले, तर ते पृष्ठ सरळ बंद करावे. नुसत्या पृष्ठास आपल्या डिस्कची अशी झडती घेताच येत नाही. आणि विद्यार्थी मित्रहो, फुकट खेळाच्या चोरट्या प्रतीबरोबर 'अँटिव्हायरस क्षणभर बंद करा' अशी सूचना येते, तेव्हा ती कोणाच्या सोयीसाठी आहे, याचा विचार करा.

पहारेकरी उत्तम असला तरी भिंतीचे भगदाड त्याला बुजविता येत नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक कुलुपबंद केले. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच प्रसिद्ध केली होती. अनेकांनी ती बसविलीच नव्हती. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही येथे नोंदविले पाहिजे. दूरध्वनीवरून गोड बोलून सांकेतिक क्रमांक विचारणाऱ्यास तर कोणताही अँटिव्हायरस थांबवू शकत नाही. तसे पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

त्या गृहस्थांनी खंडणी दिली नाही. कुलवृत्तांताची पहिली एकशे बारा पृष्ठे शुद्धलेखन तपासण्यासाठी छापून एका आप्ताकडे धाडलेली होती, तेवढी वाचली. उरलेला भाग मूळ कागदांवरून पुन्हा लिहावा लागत आहे. ते काम आता त्यांची नववीतील नात करते. दर रविवारी ती प्रत निराळ्या डिस्कवर घेते, डिस्क संगणकापासून काढते आणि आजोबांच्या कपाटात, सनदांशेजारी, ठेवून देते.