हाताची विद्या व वहीची विद्या

आमची उभी हयात महसुलाच्या दप्तरात गेली. जे कागदावर नाही ते नाहीच, अशी त्या कामाची शिस्त. म्हणून निवृत्त होऊन शेती पाहू लागलो, तेव्हा थोरल्या काकांजवळ वही घेऊन बसलो व वापसा कसा ओळखावा हे लिहून घेतले. मातीचा लाडू वळावा, खाली टाकावा, फुटला तर वापसा आला. पुढे रब्बीच्या पेरणीस काका परगावी असता आम्ही लाडू टाकला, तो फुटला, तिफण जुंपली. दुसऱ्या तासालाच फण चिखलाने भरले. काका येऊन म्हणाले, "अरे, माती वरची घेतलीस. खाली ओल होती, ती चालताना पायास कळत नाही का?" त्यांनी काही लपविले नव्हते. पायास ठाऊक होते, जिभेस नव्हते.

हे दोन प्रकारचे ज्ञान मेंदूत निरनिराळ्या ठिकाणी राहते, याचा पुरावा अमेरिकेत मिळाला. हेन्री मोलेसन या तरुणास फेपऱ्याचा विकार होता. १९५३ साली शस्त्रक्रियेने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतील काही भाग काढला. झटके कमी झाले, परंतु नवी घटना मनात टिकेना. ब्रेंडा मिल्नर या विदुषींनी त्यास केवळ आरशात पाहून दुहेरी रेषांमधून तारा गिरविण्यास दिला. तीन दिवसांत हात उत्तम वळला. मात्र हे काम आपण पूर्वी केले आहे, हे त्यास दर वेळी मुळीच आठवत नसे! सांगता येणारी आठवण गेली, तरी हात शिकतच राहिला.

यावरून वही निरुपयोगी ठरत नाही. रब्बी ज्वारीचे बी हेक्टरी १० किलो, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, हे लिहूनच ठेवावे. 'वीतभर खालची माती घ्यावी' हेही आता आमच्या वहीत चढले आहे. पायाचे थोडे कागदावर आले. पण चाड्यावरची मूठ कशी लिहावी? बी सर्व नळ्यांत सारखे पडावे म्हणून बोटे किती सैल सोडावी, हे काकांस विचारले तर ते क्षणभर थांबतात, आणि थांबले की मूठ चुकते.

काकांचे वय ऐंशीच्या घरात आहे व हात कापू लागला आहे. यंदा आम्ही प्रश्न विचारणे सोडून चिरंजीवास चाड्यावर उभे केले. काकांनी त्याच्या मुठीवर आपली मूठ धरली आहे. पहिल्या चार तासांत बी दाट पडले. पाचव्यास काकांनी हात काढून घेतला.