सांगून करून घेतलेले चित्र कोणाचे?



आपण पुष्कळ गोष्टी कलावंताला सांगून करून घेतो. लग्नाचा केतुबा सुंदर अक्षरांत लिहवून घेतो, वडिलांच्या जुन्या फोटोवरून तैलचित्र काढवतो, मुलीच्या लग्नाला फोटोग्राफर बोलावतो. पैसे चुकते केले आणि वस्तू घरी आली, की ती सर्वस्वी आपली झाली असे आपण धरून चालतो. मग ते चित्र मासिकात छापायला देतो, नातलगांना फोनवरून पाठवतो, कधी त्याच्या प्रती विकून एखाद्या कार्यासाठी देणगीही गोळा करतो. असे करण्याचा हक्क आपल्याला आहे काय? आपली कुटुंबे आज निरनिराळ्या देशांत विखुरलेली आहेत आणि या प्रश्नाचे उत्तर देशोदेशी वेगळे आहे. म्हणून या पाठासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

वस्तू वेगळी, हक्क वेगळा

चित्र म्हणजे कापड, रंग आणि चौकट. ही वस्तू विकत घेता येते, भेट देता येते, मुलांना वारशाने देता येते. त्या चित्राच्या प्रती काढणे, ते छापणे, लोकांपर्यंत पोचवणे हा निराळा हक्क. त्याला कॉपीराइट म्हणतात. वस्तू हातात आली म्हणून तो हक्क तिच्याबरोबर आपोआप येत नाही.

पुस्तकाच्या बाबतीत हे आपल्याला सहज पटते. विकत घेतलेले पुस्तक आपण वाचू, शेजाऱ्याला देऊ, रद्दीत घालू; पण ते पुन्हा छापून विकणार नाही. चित्राच्या बाबतीत हे आपण विसरतो, कारण चित्र एकच असते आणि ते आपल्याच भिंतीवर टांगलेले असते.

त्सुकुबाचे उदाहरण

उदाहरणासाठी आम्ही जपानातले त्सुकुबा घेतो, कारण हे शहरच मुळी सांगून करून घेतलेले आहे. टोकियोतील अकिहाबारा स्थानकापासून रेल्वेने सुमारे ५८ किलोमीटरवर, शास्त्रज्ञ आणि संशोधन संस्थांसाठी नवे नगर वसवावे, असे जपान सरकारने १९६३ साली ठरवले. १९७३ साली तेथे त्सुकुबा विद्यापीठ स्थापन झाले.

शहराच्या मध्यभागी त्सुकुबा सेंटर बिल्डिंग आहे. ती प्रसिद्ध वास्तुकार आराता इसोझाकी यांच्याकडून करून घेतलेली असून १९८३ साली पुरी झाली. तिच्यातील खोलगट चौकाचा नकाशा रोमच्या कॅम्पिदोल्यो चौकावरून घेतला आहे. तो चौक मायकेलअँजेलोने सोळाव्या शतकात आखला होता. इतक्या जुन्या कृतीवर कोणाचाच कॉपीराइट उरलेला नसतो, म्हणून अशी उसनवारी कोणालाही करता येते. पुढे २०२१ साली नगरपालिकेने या चौकात सरकते जिने बसवण्याचा बेत केला. नागरिकांनी आणि वास्तुतज्ज्ञांनी हरकत घेतली आणि तो बेत सोडून देण्यात आला. आपली कृती कोणी बिघडवू नये असा हक्क जपानी कायदा कलावंताला देतो. परंतु इमारतीत राहावे लागते, वावरावे लागते. म्हणून इमारत वाढवणे, दुरुस्त करणे किंवा तिची रचना बदलणे यांना त्याच कायद्याने सूट दिली आहे. येथे चौक वाचला तो मुख्यतः लोकमताच्या बळावर.

दुसरे उदाहरण पुतळ्याचे. १७ मार्च ते १६ सप्टेंबर १९८५ या काळात त्सुकुबाला विज्ञानाचे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्यासाठी शिल्पकार तारो ओकामोतो यांनी 'भविष्य पाहणे' अशा अर्थाच्या नावाची मूर्ती घडवली. ती आता बानपाकु-किनेन-कोएन स्थानकासमोर उभी आहे. ओकामोतो १९९६ साली वारले. जपानात कॉपीराइट कलावंताच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो, म्हणजे या मूर्तीवरचा हक्क २०६६ सालाच्या अखेरपर्यंत जिवंत आहे. तरीही प्रवाशाने तिचा फोटो काढून मित्रांना पाठवण्यास हरकत नाही, कारण उघड्यावर कायमच्या ठेवलेल्या कलाकृतीला कायदा ती मोकळीक देतो. मात्र तशीच दुसरी मूर्ती घडवता येत नाही, आणि केवळ विक्रीसाठी तिच्या चित्रांची कार्डे छापता येत नाहीत.

एक चित्र, तीन देश

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. समजा, आपल्यापैकी कोणाचा नातू त्सुकुबा विद्यापीठात शिकतो आहे. त्याने तेथील चित्रकाराकडून आजीचे चित्र काढून घेतले आणि पैसे पूर्ण दिले. चित्र नातवाचे झाले. ते तो घरात लावील, सभागृहात प्रदर्शनात ठेवील, घरच्या वापरासाठी त्याची एखादी प्रतही काढील. पण ते मासिकात छापायचे किंवा इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवायचे, तर चित्रकाराची परवानगी हवी. जपानच्या १९७० च्या कायद्याप्रमाणे कॉपीराइट करणाऱ्याचा. पैसे देणाऱ्याचा नाही. जपानच्या १८९९ च्या जुन्या कायद्यात सांगून काढवलेल्या व्यक्तिचित्राच्या फोटोचा हक्क काढवणाऱ्याला मिळत असे. नव्या कायद्यात ती सवलत राहिली नाही.

हेच चित्र मुंबईत काढवले असते तर? भारताच्या १९५७ च्या कायद्याचे १७ वे कलम सांगते, की मोबदला देऊन काढवलेला फोटो, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र यांचा पहिला कॉपीराइट, उलट करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा. म्हणजे येथे नातू मालक. मात्र या यादीत शिल्पाचे नाव नाही, हे लक्षात ठेवावे.

इस्राएलमध्ये २००८ साली अमलात आलेला कायदा मधली वाट धरतो. सांगून करून घेतलेल्या कामाचा हक्क सामान्यतः कलावंताचाच. परंतु व्यक्तिचित्र असेल, किंवा कौटुंबिक अथवा खाजगी समारंभाचा फोटो असेल, तर तो काढवून घेणाऱ्याचा. दोन्ही ठिकाणी वेगळा करार केला असेल तर तो लागू. म्हणून लोदमध्ये झालेल्या लग्नाच्या फोटोंचा हक्क सहसा लग्नघराकडे असतो; पण त्याच लग्नाच्या केतुब्याभोवतीची वेलबुट्टी एखाद्या चित्रकाराने नव्याने रेखाटली असेल, तर तिच्या प्रती काढण्याचा हक्क त्या चित्रकाराकडे राहतो.

भारत आणि इस्राएल यांच्या नियमांत हे साम्य का? दोन्ही देशांना इंग्रजांचा १९११ चा कॉपीराइट कायदा वारशाने मिळाला. त्यात सांगून काढवलेले फोटो व व्यक्तिचित्रे पैसे देणाऱ्याची मानली होती. इस्राएलमध्ये तर तो जुना कायदा २००८ पर्यंत चालू होता.

कलावंताचे नाव आणि मान

कॉपीराइट विकता येतो. पण आपल्या कृतीवर आपले नाव असावे आणि ती विद्रूप होऊ नये, हा कलावंताचा निराळा हक्क आहे. कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी तो कलावंताकडेच राहतो. तिन्ही देशांचे कायदे तो मानतात.

या बाबतीत दिल्लीचा खटला प्रत्येकाने जाणून घेण्यासारखा आहे. विज्ञान भवनासाठी भारत सरकारने १९५७ साली शिल्पकार अमरनाथ सहगल यांना ब्राँझचे भित्तिशिल्प करण्यास सांगितले. १४० फूट लांब आणि ४० फूट उंच असे हे काम १९६२ साली पुरे झाले. १९७९ साली इमारतीच्या नूतनीकरणात ते भिंतीवरून काढून कोठारात टाकण्यात आले. त्याचे तुकडे झाले, काही भाग गहाळ झाले. सहगल यांनी १९९२ साली दावा लावला. सरकारचे म्हणणे साधे होते: आम्ही पैसे दिले, शिल्प आमचे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली ते अमान्य केले. कलाकृतीचा नाश करणे हे तिला विद्रूप करण्याचेच टोक आहे, असे मानून न्यायालयाने शिल्पाचे अवशेष सहगल यांना परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम दिला. पैसे देणारे प्रत्यक्ष सरकार असूनही निकाल असा लागला.

आधीच काय लिहून घ्यावे

वेगवेगळ्या देशांतली माणसे आणि एक चित्र असा प्रसंग आला, की कोणता कायदा लावायचा हाच वाद होतो. म्हणून काम सांगतानाच एका कागदावर दोघांच्या सह्यांनी पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात:

१. कॉपीराइट कोणाकडे राहील. भारतात आणि इस्राएलमध्ये तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी लागतो. तोंडी शब्द पुरत नाही.

२. तो कलावंताकडेच राहणार असेल, तर आपल्याला काय करता येईल: घरच्यांना प्रती देणे, मासिकात छापणे, फोनवर व इंटरनेटवर पाठवणे, विक्री करणे. प्रत्येक गोष्ट वेगळी लिहावी.

३. किती वर्षांसाठी आणि कोणत्या देशांत. भारतात हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतात.

४. चित्रात बदल करून नवे काही तयार करण्याचा हक्क हवा असेल तर तसे स्पष्ट लिहावे. जपानात नुसते 'सर्व हक्क दिले' असे लिहिल्याने हा हक्क दिला असे धरत नाहीत.

५. कलावंत ते काम आपल्या प्रदर्शनात किंवा जाहिरातीत दाखवू शकेल काय. घरच्या माणसाचे चित्र असेल तर ही गोष्ट आधीच विचारावी.

६. जुन्या फोटोवरून चित्र काढवायचे असेल, तर मूळ फोटो कोणी काढला होता. त्या फोटोचाही हक्क कोणाकडे असू शकतो.

पुष्कळांना वाटेल, ओळखीच्या माणसाशी कागद कशाला करायचा? आमच्या मते ओळखीच्या माणसाशीच तो आधी करावा. कलावंत गेल्यावर त्याचे हक्क त्याच्या वारसांकडे जातात, आणि आपण गेल्यावर चित्र आपल्या मुलांकडे. त्या दोन कुटुंबांची एकमेकांशी ओळख असेलच असे नाही. त्या वेळी कागदच बोलतो.

आज संध्याकाळी भिंतीवरचे एखादे चित्र उतरवून त्याची मागची बाजू पाहावी. चित्रकाराचे नाव, गाव आणि साल तेथे नसेल, आणि घरातील वडील मंडळींना आठवत असेल, तर ते पेन्सिलीने लिहून ठेवावे. या पानांसाठी चित्र पाठवतानाही ते ज्याने काढले त्याचे नाव जरूर कळवावे, म्हणजे आम्ही ते चित्राखाली छापू.