सिलिंडरच्या झाकणाचा सांधा

विद्यार्थिमित्रहो, अमरावती मार्गाने जाणारी मालमोटार चढावर जोर करू लागली म्हणजे तिच्या घरघरीत शिट्टीसारखा एक बारीक स्वर मिसळतो, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. तो स्वर टर्बोचा होय. त्या स्वराच्या मागे केवढे सामर्थ्य कोंडलेले असते व ते कोंडून ठेवणारा सांधा किती नाजूक असतो, याचा विचार आम्हीही फारसा केला नव्हता. तो करण्यास एका पालकाच्या प्रश्नाने आम्हांस भाग पाडले.

हे गृहस्थ स्वतःची मालमोटार चालवितात. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात ते मृगबहाराची संत्री भरून दिल्लीस निघाले. बैतूलच्या पुढे घाटात रेडिएटरचे पाणी उकळले, पाठीमागून पांढरा धूर निघू लागला आणि गाडी जागीच थांबली. तीन दिवसांत निम्मी संत्री नासली. मुलाची वर्षाची फी त्याच फेरीतून भरावयाची होती. परत आल्यावर ते आम्हांस म्हणाले, “मास्तर, आठच दिवसांपूर्वी हेडचे पॅकिंग नवे टाकले होते. तेही चांगले, पूर्ण किमतीचे. मग ते फुटले कसे?”

या प्रश्नाचे उत्तर हाच आजचा पाठ होय.

प्रथम इंजिनाची रचना ध्यानात घेऊ. सिलिंडर म्हणजे एक भक्कम नळी. तिच्यात दट्ट्या वरखाली होतो. नळीचे वरचे तोंड ज्या जाड झाकणाने बंद करतात, त्यास हेड म्हणतात. हेड व खालचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, यांच्यामध्ये पातळ पॅकिंग असते. त्याच पॅकिंगमधील भोकांतून थंड करणारे पाणी व वंगणाचे तेल खालीवर जाते. तेव्हा या एका सांध्याने आग, पाणी आणि तेल ही तिन्ही एकमेकांपासून दूर ठेवावयाची असतात.

आता टर्बोचे कार्य पाहू. साधे इंजिन हवा स्वतः ओढून घेते. टर्बो हे धुराच्या वेगाने फिरणारे एक पंखाचक्र असून, त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. आल्फ्रेड बुखी या स्विस यंत्रज्ञाने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक जाळता येते व तितकी शक्ती अधिक मिळते. परंतु शक्तीबरोबर दाबही वाढतो, आणि तो दाब दट्ट्याला जसा खाली ढकलतो, तसाच हेडला वर उचलू पाहतो.

तो किती असेल? रेल्वेचे उदाहरण घेऊन हिशेब करू. डब्ल्यूडीएम-2 जातीची डिझेल इंजिने 1962 साली अमेरिकेहून भारतात आली व 1964 पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. त्यांस टर्बो असे. प्रत्येक इंजिनात 16 सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास सुमारे 22.9 सेंटिमीटर आणि एकूण शक्ती 2600 अश्वशक्ती. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र तुम्हांस ठाऊक आहेच. त्यावरून एका सिलिंडरच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे 410 चौरस सेंटिमीटर येते. हिशेबाच्या सोयीसाठी जळत्या वायूचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 100 किलोग्रॅम धरू. म्हणजे एका हेडवर वरच्या दिशेने 41,000 किलोग्रॅम, अर्थात 41 टन जोर पडला! इंजिन मिनिटाला 1000 फेरे घेत असेल, तर हा धक्का त्या एका हेडला मिनिटातून 500 वेळा बसतो.

पुढे 1990 नंतरच्या दशकात याच इंजिनाची 3100 अश्वशक्तीची सुधारलेली जात निघाली. सिलिंडर तितकेच, व्यासही तोच. अधिक शक्ती मिळाली ती मुख्यतः अधिक हवा व अधिक इंधन यांतून. आमच्या हिशेबातला दाब 100 वरून 120 झाला असे मानले, तर जोर 41 टनांवरून 49 टनांवर जातो. टर्बोचा दाब वाढविणाऱ्याने झाकणाची चिंता प्रथम का करावी, हे यावरून कळेल.

मग हे हेड जागेवर राहते कशाने? पुष्कळांस वाटते की पॅकिंगने. हा समज चुकीचा आहे. घरी आई भाताला दम देताना झाकणाच्या कडेला कणीक लावते व झाकणावर वजन ठेवते. कणीक वाफेला अडविते खरी, पण झाकण दाबून धरण्याचे काम वजनाचे असते. वजन काढा, म्हणजे कणकेतून वाफ लगेच वाट काढील. इंजिनात कणकेच्या जागी पॅकिंग आणि वजनाच्या जागी बोल्ट आहेत.

बोल्ट हा येथे एक कडक स्प्रिंग समजावा. तो आवळला की किंचित ताणला जातो आणि मूळ लांबीवर येण्याच्या ओढीने हेडला खाली दाबून धरतो. सर्व बोल्टांनी मिळून 60 टन दाब दिला आहे असे समजा. वायूने 41 टन उचल केली, तर स्थूल मानाने 19 टन पॅकिंगवर शिल्लक राहिले. 49 टन केली, तर 11. शिल्लक शून्याजवळ आली की हेड केसभर उचलले जाते, आग त्या फटीत शिरते आणि पॅकिंगची कड जाळून पाण्याच्या वाटेपर्यंत पोहोचते. मग रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी कमी होत जाते, कधी तेल दुधासारखे पांढरे होते.

म्हणून चांगला कारागीर चार गोष्टींस जपतो. पहिली, पृष्ठभाग. ब्लॉक व हेड यांवर सरळ पट्टी ठेवून खालून पातळ मापपट्टी जाते का, हे तो पाहतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका बाकही पुष्कळ इंजिनांस चालत नाही. दुसरी, पॅकिंगची जात. पूर्वी तांबे व ॲस्बेस्टॉस यांची पॅकिंगे असत. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांस घातक ठरली. आता अधिक दाबाच्या इंजिनांत पोलादाच्या पातळ पत्र्यांचे थर वापरतात व सिलिंडरभोवती उंचवटा ठेवतात. मात्र त्यांस पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत लागतो. तिसरी, बोल्टांची स्वच्छता. पान्याच्या जोराचा फार मोठा भाग आट्यांच्या व बोल्टच्या माथ्याखालच्या घर्षणातच खर्च होतो, थोडाच बोल्ट ताणण्यास उरतो. आटे घाण असले, तर पान्यावरील आकडा बरोबर येऊनही बोल्ट सैलच राहतो. चौथी, क्रम. मधल्या बोल्टापासून आरंभ करून बाहेरच्या बाजूस जावे आणि एका दमात नव्हे, तर तीनचार टप्प्यांनी आवळावे.

यात उष्णतेची भर पडते. ॲल्युमिनियमचे अर्धा मीटर लांबीचे हेड 80 अंशांनी तापले, तर सुमारे 0.9 मिलिमीटर वाढते. तितकाच लांब बिडाचा ब्लॉक सुमारे 0.4. दोघांच्या मध्ये सापडलेल्या पॅकिंगला हे सरकणे सोसावे लागते. नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेरची हवाच 45 अंशांवर असते. अशा वेळी तुंबलेला रेडिएटर म्हणजे सांध्याचा वैरीच होय.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळू. एका वृद्ध मिस्त्रींनी आमच्यासमोर ते हेड उतरविले. बोल्टांच्या बंद भोकांत जुने पाणी व गाळ साचला होता. पाणी दाबले जात नाही, हे तुम्ही भौतिकशास्त्रात शिकलात. बोल्टचे टोक त्या पाण्यावर अडले, पान्याने आकडा दाखविला, पण हेडवर दाब पडलाच नाही. मिस्त्री म्हणाले, “भाऊ, पॅकिंगला दोष देऊ नका. एक चिंधी आणि पाव तास एवढेच काय ते कमी पडले.”

त्यांनी भोके पुसली, आटे साफ करून तेलाचे बोट लावले, हेड घासून सपाट करून आणले आणि प्रत्येक टप्प्याला थांबत बोल्ट आवळले. त्या कामास दोन दिवस लागले. गाडी त्यानंतर कित्येक उन्हाळे त्याच घाटातून गेली व मुलगा शाळेत टिकला.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे यंत्रे दुरुस्त करील, कोणी ती दुरुस्त करवून घेईल. पहिल्याने भोके पुसल्यावाचून पाना हाती घेऊ नये. दुसऱ्याने त्या पाव तासाची घाई करू नये. झाकण बसल्यावर आतले काही दिसत नाही. ते दिसते घाटात, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.