कुजणारं प्लास्टिक आणि शेतातला काडीकचरा : वर्गात घेता येईल असा एक पाठ



मागच्या वर्षी माझ्या चौथीच्या मुलांनी शाळेच्या परसबागेत तीन वस्तू पुरल्या. वर्तमानपत्राचा कागद, उसाच्या चिपाडाची ताटली आणि ‘मातीत कुजणारी’ असं छापलेली पिशवी. ऑगस्टमध्ये पुरल्या, डिसेंबरमध्ये उकरल्या. कागद मातीत मिसळून गेला होता, ताटलीचे तुकडे पडले होते. पिशवी मात्र जशीच्या तशी! एक मुलगी म्हणाली, “बाई, तुम्हीच तर सांगितलं होतं, ही कुजते म्हणून.” मला उत्तर देता आलं नाही. मग वाचायला बसले. जे समजलं ते तुमच्यापुढे मांडते.

संमिश्र म्हणजे काय?

आपल्या सोलापूरकडची जुनी धाब्याची घरं आठवा. भिंतीच्या मातीत भुसा, काड कालवायचे. नुसती माती वाळली की तडकते. काड असलं की ते मातीला धरून ठेवतं. दोन पदार्थ एकत्र येऊन तिसरा, अधिक उपयोगी पदार्थ होतो, तो संमिश्र पदार्थ. इथे मातीच्या जागी कुजणारं प्लास्टिक आणि काडाच्या जागी पिकाचे तंतू, एवढाच फरक.

हे प्लास्टिक कशाचं? ऊस, मका यांच्यातल्या साखरेवर जिवाणू वाढवून लॅक्टिक आम्ल काढतात. दह्याला आंबटपणा देणारं तेच आम्ल! त्याचे रेणू साखळीसारखे जोडले की पीएलए नावाचं प्लास्टिक तयार होतं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला अशा जैवप्लास्टिकचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं आहे. पीएलए महाग पडतं. त्यात तंतू मिसळले की ते कमी लागतं आणि वस्तूला ताठपणा येतो.

अडचणही आहे. तंतूंना पाणी आवडतं, प्लास्टिकला आवडत नाही. त्यामुळे दोघांची पकड बसत नाही. म्हणून तंतू आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतात, वाळवतात, मगच वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मिसळतात. उष्णता साधारण २०० अंशांच्या वर गेली तर तंतू करपतात.

खरा कचरा कोणता?

मुलांना हा प्रश्न जरूर विचारा. ज्वारीचा कडबा कचरा आहे का? नाही, तो जनावरांचा चारा. चिपाड? १०० टन उसातून साधारण ३० टन चिपाड निघतं, पण कारखाने ते जाळून वाफ आणि वीज करतात. उरतं ते शेतात पेटवलं जाणारं पाचट आणि कपाशीच्या पऱ्हाट्या. पऱ्हाट्यांपासून फळ्या बनवण्याचं काम मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने केलं आहे. पाचट शेतातच कुजवलं तर जमिनीला खत मिळतं, हेही विसरू नका.

मग पिशवी का कुजली नाही?

दोन कारणं असू शकतात. पीएलए लवकर कुजायला ओलावा आणि साधारण ६० अंश उष्णता लागते. ती मोठ्या खत प्रकल्पात मिळते, परसबागेत नाही. दुसरं, साध्या प्लास्टिकमध्ये नुसता भुसा मिसळला तर भुसा कुजतो, प्लास्टिकचा चुरा मागे राहतो. आमची पिशवी यातली कुठली, ते तिच्यावर छापलेलंच नव्हतं.

म्हणून खरेदी करताना तीन गोष्टी बघा :
१. प्लास्टिक कोणतं आहे?
२. ते कुठे कुजतं, घरच्या खड्ड्यात की प्रकल्पात?
३. आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा उल्लेख आहे का?

वर्गातला उपक्रम

मातीच्या दोन सारख्या पट्ट्या करा. एक नुसत्या मातीची, दुसरीत बारीक कापलेलं काड. आठवडाभर वाळवा. मग दोन विटांवर आडव्या ठेवून मधोमध हळूहळू वजन वाढवा. आधी कोणती मोडते, मोडल्यावर कोणती धरून राहते, ते मुलांना वहीत लिहू द्या.

त्या मुलीला मी वर्गासमोर सांगितलं, “माझं उत्तर अर्धवट होतं.” पिशवी आम्ही पुन्हा पुरली आहे. दर महिन्याला उकरून बघतो आणि तारीख घालून नोंद करतो. तुमच्याही शाळेत करून बघा, काय दिसलं ते नक्की कळवा.